सुरगाठीतला मणका

नाना, ससा बरा आहे. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मी हॉस्पिटलात दोनदा आले आणि दोन्ही वेळा तुम्ही स्वतःचं काही सांगायच्या आधी सशाचंच विचारलंत. गाजर मी देते, पाणी बदलते, पिंजरा झाडते. तो माझ्या हातून खातो, पण खाताना मान वळवून दाराकडे बघतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं, हे मी इतकी वर्षं वर्गात शिकवत आले. तरी तो मान वळवतो. तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले.

भेटणारे म्हणतात, "तुमचा लॅब अटेंडंट गेला म्हणे. चांगला होता." मी मान हलवते. सोळा वर्षं आपण फॉर्मलिनच्या वासात एका खोलीत काढली. घरच्या माणसांसमोर मी जागेपणी इतके तास बसलेली नाही. त्या सोळा वर्षांना काय म्हणायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले. आणि दुसरं कारण असं की एक गोष्ट मला तुम्हाला तोंडावर सांगायची होती आणि ती मी सांगितली नाही. तीन वर्षं सांगितली नाही. ती येईलच इथे. मला जरा धीर गोळा करू द्या.

तुम्ही पहिल्यांदा लॅबमध्ये आलात तेव्हा मी तुम्हाला परत पाठवणार होते. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमागोमाग नगरहून सुरतेत आलेली, कॉलेजातल्या नव्या नोकरीची मी ताठ बाई. समोर नवागामच्या खानदेशी वस्तीतला, कापडाच्या लूमवरचा माणूस, ज्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट लूमने पेरापासून नेलेलं. बेडकाची काडीएवढी हाडं हा काय जोडणार, असं मला वाटलं आणि ते माझ्या तोंडावर दिसलंही असणार. तुम्ही सरळ टेबलाकडे वळलात. डबा उघडलात, हाडं कागदावर मांडलीत आणि बारीक तार घेऊन बसलात. दिवसभर तुटके धागे सांधलेल्या हाताला बेडकाचा पंजा काय जड. संध्याकाळी तो बेडूक उडी मारायच्या बेतात बसला होता. दुसऱ्या दिवसापासून हाडांचं काही अडलं की मीच मुलांना सांगायला लागले, "काकाने पूछो," काकांना विचारा.

माझ्याशी तुम्ही जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचात. राग आला किंवा आनंद झाला की अहिराणी सुटायची. त्यामुळे तुमचं मन मला भाषेवरून कळायचं. सापाला ऐकू येतं की नाही, हे आपलं सोळा वर्षांचं भांडण बहुतेक अहिराणीतच झालं. मी म्हणायचे, सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते. तुम्ही म्हणायचात, "मंग ऐकू येतंच की ताई. कान नही म्हनीसन ऐकू येत नही, असं कोनी सांगं?" मी चिडायचे. आता वाटतं, ते भांडण तुम्ही जिंकलंत. कान नसताना ऐकता येतं, आणि दोन धडधाकट कान असून माणूस बहिरं राहू शकतं. त्याचा नमुना मी आहे, बरणीत घालून लेबल लावायच्या लायकीचा.

तुमच्या आखाजीला, आमच्या अक्षय्य तृतीयेला, तुम्ही लॅबच्या मागच्या खिडकीत एक छोटं मडकं पाण्याने भरून ठेवायचात, तोंडावर एक खरबूज. पहिल्या वर्षी मी विचारलं, ही कोणाची घागर? घरी पितरांची भरतात, ते मला ठाऊक होतं. "ज्यास्नं कोनी नही त्यास्नी," म्हणालात. म्हणजे वर्षभरात ट्रेमध्ये उताणे पडलेले बेडूक, उंदीर, सरडे, मुशी. मी विज्ञानाची बाई, मी हसले. पुढच्या वर्षी हसले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला मडक्याची आठवण मी केली.

आणि प्लेगचं ते वर्ष. गणपती बुडवून दोन-चार दिवस झाले होते आणि अर्धं सुरत मिळेल त्या गाडीने पळत होतं. नवागाम रिकामं झालं, सगळे भुसावळच्या गाडीत चढले. मी मुलांना घेऊन नगरला गेले, जाताना तुम्हाला निरोपसुद्धा दिला नाही. दोन आठवड्यांनी परत आले, तर तुम्ही लॅबमध्ये तोंडाला गमछा बांधून पिंजरे धूत होतात. वहिनींना आणि मुलांना गावी धाडून तुम्ही एकटे मागे राहिला होतात. "सशांना खायला कोन घालनार होतं, ताई?" एवढंच म्हणालात. मी थँक्यू म्हटलं. सुरत सोडताना मला सशांची आठवणही आली नव्हती, हे मात्र सांगितलं नाही. ते आज सांगते.

आता मायचं.

प्लेगच्या आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याने निरोप आणला की हजीऱ्याच्या पलीकडे किनाऱ्याला डॉल्फिन मरून लागलाय. वनखात्याची चिठ्ठी मिळवून आपण टेम्पोने निघालो. वाटेवरच्या इच्छापोरपर्यंत तुम्ही त्याला मासाच म्हणत होतात आणि मी तुम्हाला शिकवत होते. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, याला फुप्फुसं आहेत. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, याची वर-खाली. माशाचं रक्त पाण्याएवढं गार, याचं आपल्यासारखं ऊन. तुम्ही म्हणालात, "पान्यात राहतो ना? मंग मासा." मी कपाळाला हात लावला.

किनाऱ्यावर कोळी नाकाला फडकं लावून उभे होते. "बेन, जल्दी लई जाव, वास आवे छे," त्यांची घाई. टेम्पोवाला आख्खं धूड न्यायला तयार होईना, म्हणून मांस तिथेच उतरवायचं ठरलं. तुम्ही पोटाखाली हात घालून तिला उताणी करायला गेलात आणि शेपटीकडच्या दोन बारीक फटींतून दूध आलं. पांढरं, साईसारखं घट्ट. तुमच्या हातावर आलं. तुम्ही तसेच थांबलात. मग समुद्रावर जाऊन हात धुतलेत, चपला काढल्यात, परत येऊन तिच्यासमोर हात जोडलेत. "हाई मासा नही, ताई. माय शे," म्हणालात. थोड्या वेळाने पाण्याकडे बघून विचारलंत, "इनं पिल्लू कोठे व्हई?" मी टेप काढून तिची लांबी मोजायला घेतली. फुप्फुसं आणि गरम रक्त यांवर मी तासभर बोलले होते, आणि तुम्हाला पटलं ते दुधाने.

तिचा छातीजवळचा पर तुम्ही सोलत नेलात तेव्हा आत हात निघाला. खांद्याचं हाड, दंडाचं, पुढच्या हाताची दोन, मनगट आणि पाच बोटं, पेरं आपल्यापेक्षा जास्त. तुम्ही आपला हात तिच्या हाताशेजारी रेतीवर ठेवलात. "हिची बोटं पुरी आहेत, माझंच एक कमी," असं म्हणून हसलात. मग बेडकाचा हात, कबुतराचा पंख, सशाचा पाय, सगळं मनात जुळवलंत बहुतेक, कारण जरा वेळाने स्वतःशीच म्हणालात, "बठास्ना शिंपी एकच शे. कापड येगळं." सगळ्यांचा शिंपी एक. वर्गात जे समजावताना माझे दोन तास जातात, ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत. पुढे ते वाक्य मी दर वर्षी वापरलं, तुमचं नाव न घेता.

आणि ती दोन हाडं. कमरेच्या जागी, मांसात, कशालाच न जोडलेली, बोटाएवढी दोन हाडं तुम्हाला चाचपताना लागली. मला ती दिसलीही नसती, मांसाबरोबर गेली असती. तुम्ही ती धुऊन माझ्या हातावर ठेवलीत. मी सांगितलं, हिच्या पूर्वजांना मागचे पाय होते, ते जमिनीवर चालायचे. पाय गेले, ही एवढी खूण राहिली. तुम्ही लगेच म्हणालात, "गाव सुटनं तरी सातबारावर नाव ऱ्हास, तसं." ती दोन हाडं तुम्ही रुमालात बांधून खिशात ठेवलीत, बाकीच्यांबरोबर पोत्यात टाकली नाहीत.

एवढं सगळं आठवतं मला. तरीसुद्धा सहा महिन्यांनी, हाडं धुऊन, वाळवून, पांढरी होऊन टेबलावर आली तेव्हा मी जे केलं ते केलंच.

तुमचा लाडका नियम मीच तुम्हाला दिला होता. उंदीर असो, माणूस असो की जिराफ, दूध पाजणाऱ्या बहुतेक साऱ्या प्राण्यांच्या मानेत मणके सातच. जिराफाचे लांब, उंदराचे बारीक, पण मोजायला सात. तुम्हाला हे फार आवडलं होतं. नवागामात ज्याला त्याला मानेवर बोट ठेवून तुम्ही सात सांगत सुटला होतात. आणि मायच्या मानेत निघाले सहा. मी दोनदा मोजले. तुम्ही तर चारदा मोजले असतील. मग तुम्ही पहिला मणका उचललात, जो बाकीच्यांपेक्षा जाड होता, खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "ताई, हे दोन आहेत. जुळलेले आहेत. ही बघा शिवण."

मी बघितलं का? नाही बघितलं. नुसती नजर टाकली आणि म्हटलं, "नाना, हाडं म्हणजे काही साड्या नव्हेत शिवण असायला. एक मणका तुम्ही किनाऱ्यावर टाकून आलात." उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या पुस्तकात ससा होता, बेडूक होता, कबूतर होतं. डॉल्फिनवर दोन ओळी होत्या आणि त्यांत शिवणीचं काही नव्हतं. पुस्तकात नाही म्हणजे जगात नाही, अशी माझी समजूत.

तुमचं मराठी त्या क्षणी सुटलं. "मी मोजी मोजीसन काढात, ताई. मायनी हाडे कोनी हारपस का?" त्या बोलण्यात राग नव्हता, विनवणी होती. घरचं माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राखेतून एकेक अस्थी वेचणारी माणसं आपण. मी तुम्हाला काय म्हणाले होते, ते तुम्हाला कळलं होतं आणि मला नव्हतं. मी लॅबमधल्या सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. इंग्रजीत लिहिलं की डॉल्फिनच्या मानेचा एक मणका अटेंडंटच्या निष्काळजीपणामुळे हरवला. त्या रजिस्टरात प्रत्येक नोंदीला दोन सह्या लागतात, शिक्षकाची आणि अटेंडंटची. मी माझी केली आणि पेन तुमच्यापुढे धरलं. तुम्ही विचारलंत, काय लिहिलंय. मी सांगितलं. तुम्ही सही केलीत. धुडकू झिपरू, एवढंच, नेहमीसारखं आडनाव न लिहिता, प्रत्येक अक्षर वेगळं.

मग महिनाभराने मी तुम्हाला प्लास्टरचा एक मणका करायला लावला, सातवा. तुम्ही केलात. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये बसवायला सांगितला तेव्हा हातात धरून, ते इथलं नाही असं एकदाच म्हणालात, "हाई हाड आठलं नही, ताई." मी म्हटलं, बसवा. तुम्ही बसवलात. त्या विषयावर तुम्ही त्यानंतर एकदाच बोललात, त्याच दिवाळीच्या सुट्टीआधी. "ती ओळ तेवढी खोडाल का?" मी म्हटलं, हाड सापडलं की खोडते. त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत.

पण ओळ दर मार्चमध्ये बाहेर निघायची. साठ्याची तपासणी, प्रिन्सिपॉलसाहेब, क्लार्क रजिस्टर मोठ्याने वाचतोय, किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी उभी, शेजारी तुम्ही. ती ओळ आली की साहेब चष्म्यावरून बघत हाड मिळालं का विचारायचे. "काका, हाडकुं मळ्युं?" क्लार्क हसायचा. तुम्ही हात जोडून म्हणायचात, "नथी मळ्युं, साहेब." साहेब मनाने वाईट नव्हते, त्यांच्यासाठी ती वर्षाची एक गंमत होती. मी जुडग्याकडे बघत राहायचे.

आता ते सांगते. तीन वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते. मुलं लिहीत होती तेव्हा ते मायभोवती फिरले, वाकले, बोटाने चाचपलं. मग हळू आवाजात, मुलांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "बाई, हा प्लास्टरचा मणका काढून टाका. डॉल्फिनचे पहिले दोन मणके जुळलेलेच असतात. तुमच्याकडे आठ झालेत." मी नुसतं "हो का?" म्हटलं. ते म्हणाले, "बांधणी मात्र सुंदर आहे. कोणी केली?" तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात. ते हात धुवायला गेले तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "साहेब मायकडे काय बघत होते?" आणि मी म्हटलं, "बांधणी सुंदर आहे म्हणाले." तुमचा चेहरा इतका फुलला, नाना. दिवसभर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होतात.

खोटं नव्हतं बोलले मी. अर्धं बोलले होते. उरलेलं अर्धं संध्याकाळी सांगेन असं वाटलं, मग सोमवारी, मग निकाल लागल्यावर. सांगायचं म्हणजे नुसतं सॉरी म्हणून भागणार नव्हतं. साहेबांसमोर ओळ खोडावी लागणार होती आणि बेनलाच माहीत नव्हतं हे क्लार्कने हसत ऐकलं असतं. पडलो तरी नाक वर, दुसरं काय. त्यानंतर तीन मार्च गेले. तीनदा ती ओळ वाचली गेली. पहिल्या दोन वेळा तुम्ही माझ्याशेजारी हात जोडून उभे होतात आणि मला माहीत होतं. यंदा तुम्ही हॉस्पिटलात होतात. काका हाड शोधायला गेले की काय, असं साहेबांनी विचारलं, "काका क्यां? हाडकुं शोधवा गया के शुं?" आणि मी जुडग्यातल्या किल्ल्या मोजत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराच्या हातात किल्ल्या.

त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलात आले होते. ठरवून आले होते, की आज सांगायचं. मोसंबी आणली, सोलली, सशाचं सांगितलं. तुमचे डोळे पिवळे पडले होते. तुम्ही म्हणालात, "माय कशी आहे?" मी म्हटलं, उभी आहे, धूळ पुसून घेते रोज. तुम्ही जरा हसलात आणि म्हणालात, "मान अवघडली असंल तिची." मला वाटलं, तापात बोलताय. मी म्हटलं, "पडून राहा, बोलू नका." तीन दिवसांनी तुम्ही गेलात. तुमच्या अस्थी मुलांनी तापीत सोडल्या, असं नंतर कळलं. तुमच्या गावावरून येणारी नदी ती, आणि पुढे मायच्याच समुद्राला मिळते.

अकराव्या दिवशी मी नवागामला आले. वहिनींनी तुमची सायकल भिंतीला लावून ठेवलीय, तिच्यावर चादर घातलीय. त्या रडल्या, मी रडले, चहा आला. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने, शेजारणीला विचारावं तसं, "ताई, ते तुमनं काही हारपेल व्हतं, ते सापडनं का?"

मी विचारलं, काय हरवलं होतं?

"मालेबी नही सांगं त्यास्नी. तीन आयतवार सायकलवर हजीराले गयात. मनी पीठनी चायनी लई गयात. दिवसभर रेती चायेत. मी ईचारं तर म्हनेत, ताईनी वस्तू हारपनी, ती धुंडस." त्या रडता रडता जराशा हसल्या. "चायनीनं पार वाटोयं करं."

नवागाम ते हजीरा सायकलवर. सहा महिने दिवसातून दोनदा भरती येऊन गेलेल्या रेतीत पिठाची चाळणी घेऊन. तुम्ही स्वतःच्या बोटांनी ती शिवण चाचपली होती, एकही हाड मागे राहिलं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी ताई म्हणते म्हणजे आपलंच चुकलं असेल, असं तुम्हाला वाटायला लागलं. नाना, मी तुमच्यावर आळ घेतला ते एक. तुमचा तुमच्या हातांवरचा विश्वास मी घालवला, हे मला अकराव्या दिवशी कळलं.  चहाचा कप तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी लॅब उघडली. माय नेहमीच्या जागी. प्लास्टरचा मणका काढायचा म्हणजे मणक्यांतून ओवलेल्या सळीवरून अर्धी माय उतरवावी लागणार, म्हणून पक्कड आणली होती. मानेपाशी वाकले. सगळे मणके तुम्ही तांब्याच्या तारेने एकमेकांना आवळलेत, निरगाठीने, टोकं आत वळवून. तो एक मणका मात्र तारेने बांधलेला नव्हता. त्याला धागा होता, लूमवरचा पांढरा पोलिएस्टरचा धागा, खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही. सुरगाठ होती. टोक इतकं सोडलेलं की चिमटीत यावं.

मी टोक ओढलं. गाठ सुटली. मणका माझ्या हातात आला, कारण खालून त्याला तुम्ही सळीएवढी चीर ठेवली होती. काही उतरवायला लागलं नाही. मी कवटीला पुढून हलकेच रेटलं, ती पुढच्या मणक्यांसकट सळीवरून बोटभर मागे सरकली आणि दुसरा मणका तिसऱ्याला जाऊन टेकला. मायची मान मोकळी झाली. खिडकीच्या उजेडात मी जाड मणक्यावरून बोट फिरवलं. शिवण लागली. आंधळ्यालाही लागेल अशी होती.

म्हणजे रेती चाळून झाल्यावर, काही न सापडल्यावर, तुम्ही पुन्हा स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवलात. माझं ऐकलंत, आणि माझ्यासाठी वाटही ठेवलीत. ताईला कधीतरी कळेल, त्या दिवशी तिला त्रास पडू नये, कोणाला बोलवावं लागू नये, नुसतं टोक ओढलं की काम व्हावं. सहा वर्षं तो धागा तिथे होता. रोज फडक्याने धूळ पुसताना तुम्ही तो बघत असाल. मी मायपाशी जमिनीवर बसले आणि मुलं यायची वेळ होईपर्यंत रडले.

मग रजिस्टर काढलं. ओळ खोडली, तांबड्या शाईने, साहेबांना न विचारता. खाली लिहिलं, "कोणतेही हाड हरवलेले नाही. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले आहेत. ही गोष्ट अटेंडंटनी त्याच दिवशी दाखवली होती. चूक माझी." त्या रजिस्टरात मराठी चालत नाही. न चालू दे. मी सही केली.

रविवारी ते रजिस्टर पिशवीत घालून नवागामला नेलं. कॉलेजबाहेर न्यायची परवानगी नाही त्याला, पण नेलं. वहिनींना सगळं सांगितलं, परीक्षकांचंही, तीन वर्षांचंही. लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "मंग इतला दिन कसाले थांबनात, ताई?"

मी रजिस्टरचं पान बोटाने सारखं करत बसले. तुम्ही पिल्लाचं विचारलं होतं तेव्हा टेप काढली होती, तसंच. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, ह्यांची सही कोणती. मी खोडलेल्या ओळीपुढे बोट ठेवलं. त्या वाचत नाहीत, पण त्या अक्षरांवरून त्यांनी हात फिरवला, एकेका अक्षरावरून. मग त्यांचा हात खालच्या ओळीवर आला, माझ्या सहीपुढच्या रकान्यात. "आठे कोनी सही?"

"तिथेही त्यांचीच लागते," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात आखाजी आहे. तुमची घागर वहिनी भरतील. लॅबच्या खिडकीतली छोटी मी भरेन, खरबूज तुम्ही निवडायचात तसं वास घेऊन निवडेन. नवा अटेंडंट जूनमध्ये येईल म्हणतात. बाकी सगळ्या नोंदींवर त्याची सही घेईन, या एका ओळीपुढे घेणार नाही. सहा वर्षांपूर्वी मी खोटं लिहिलं तेव्हा पेन पुढे केलं आणि तुम्ही सही केलीत. आता खरं लिहिलंय, नाना, आणि तुमचा रकाना कोरा आहे.